दोन करार, एक घर: अमिरातीत शिकवायला जाणाऱ्या जोडप्यासाठी

संयुक्त अरब अमिरातीतल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचं वर्ष आपल्याकडच्या सीबीएसई शाळांसारखं एप्रिलमध्ये सुरू होतं. त्यामुळे भरतीची मुख्य धांदल डिसेंबर ते फेब्रुवारीत असते. नवरा-बायको दोघंही बीएड झालेले असतील तर शाळा खूश असते, कारण एका घरभाड्यात तिला दोन शिक्षक मिळतात. जोडप्यालाही एकच शाळा, एकच बस, एकच घर हे सोयीचं वाटतं. पण या सोयीपायी व्हिसा, घर, मुलांची फी, विमा असं सगळं एकाच्या नोकरीवर टांगलं जातं. ती नोकरी गेली की दुसऱ्याचा पगार चालू असूनही संसार उचलावा लागतो. म्हणून खालच्या प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारायचा: हा कागद कोणाच्या नावावर आहे, आणि तो माणूस उद्या शाळेत नसेल तर काय होईल?

ऑफर लेटर हातात आल्यावर

एकूण पगाराचा आकडा शेवटी बघा. आधी 'बेसिक', म्हणजे भत्ते वगळून मूळ पगार, बघा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त बेसिकवर मोजतात: पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचं बेसिक, त्यापुढे दरवर्षी ३० दिवसांचं, आणि किमान एक वर्ष सेवा झालेली हवी. समजा दोन शाळा एकूण ५,००० दिरहमच देत आहेत, पण एकीत बेसिक ३,००० आहे आणि दुसरीत २,०००. पहिलीत वर्षाला २,१०० दिरहम ग्रॅच्युइटी साठते, दुसरीत १,४००. पाच वर्षांत दोघांचा मिळून फरक ७,००० दिरहमचा होतो. तिथे परदेशी शिक्षकांना आपल्यासारखा भविष्यनिर्वाह निधी नसतो, त्यामुळे ही रक्कम किरकोळ समजू नका.

दुसरा मुद्दा घराचा. बऱ्याच शाळा जोडप्याला एकच फ्लॅट देतात, किंवा घरभत्ता एकालाच देतात. एकाला दिला तरी हरकत नाही, पण तो कोणाच्या करारात लिहिलाय आणि त्या व्यक्तीने शाळा सोडली तर दुसऱ्याच्या करारात तो आपोआप जाईल का, हे लेखी घ्या. 'तेव्हा बघू' हे उत्तर पुरेसं नाही.

तिसरा मुद्दा व्हिसाचा, आणि जोडप्यांचं सगळ्यात जास्त इथेच चुकतं. जाहिरातींत 'नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्या शिक्षिकेला प्राधान्य' असं सर्रास दिसतं. अशा वेळी शाळेला तुमच्यासाठी फक्त कामाचा परवाना काढावा लागतो. रहिवासाचा खर्च, आणि अनेकदा तिकीट आणि घरभत्ताही वाचतो. पण नवऱ्याची नोकरी सुटली की त्याच्या रहिवासावर असलेली बायको आणि मुलं एकदमच अडचणीत येतात, मग बायकोची नोकरी कितीही पक्की असो. शक्य असेल तर दोघांनीही आपापल्या शाळेचा स्वतंत्र रहिवासी व्हिसा मागा. मुलांना ज्याचा करार जास्त स्थिर त्याच्या नावावर घ्या. कुटुंबाला आणण्यासाठी पगाराची अट ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहायला घर, अशी आहे. आईही मुलांना आणू शकते.

व्हिसाचा आणि भरतीचा खर्च शाळेनेच करायचा असतो. २०२२ च्या फेब्रुवारीपासून लागू असलेल्या कामगार कायद्यानुसार तो शिक्षकाकडून आडून वा उघडपणे वसूल करता येत नाही. इथला एजंट 'व्हिसाचे' म्हणून लाखभर रुपये मागत असेल तर तिथेच थांबा. पासपोर्ट शाळेच्या कपाटात ठेवून घेणंही बेकायदा आहे.

याखेरीज ऑफर लेटरवर सही करण्याआधी या गोष्टी विचारून ठेवा. पहिल्या उन्हाळी सुट्टीचा पगार पूर्ण मिळतो का? एप्रिलमध्ये रुजू झालेल्याला जुलै-ऑगस्टचा पगार अर्धा देणाऱ्या किंवा न देणाऱ्या शाळा आहेत. विमानाचं तिकीट दरवर्षी की दोन वर्षांनी, आणि दोघांनाही की एकालाच? फी-सवलत किती मुलांना आणि किती टक्के? दोघं एकाच शाळेत असलात तर दोघांच्या सवलती एकत्र होतात की नाही? प्रोबेशन किती? कायद्याने ते जास्तीत जास्त सहा महिने असू शकतं. शाळेचा स्वतःचा लांबलचक करारनामा वेगळा असतो. कामगार मंत्रालयात नोंदलेला करार त्याच्याशी आकड्याला आकडा जुळला पाहिजे. वाद झाला तर मंत्रालयात नोंदलेलाच करार बघितला जातो.

कागदपत्रं: इथे वेळ द्या

पदवी, बीएड, विवाह नोंदणीचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले, हे सगळं साक्षांकित होऊन जावं लागतं. अमिराती अपोस्टील, म्हणजे अनेक देशांत एकाच शिक्क्यावर चालणारं साक्षांकन, मानणाऱ्या देशांत नाही, त्यामुळे अपोस्टीलचा शिक्का मारून काम भागत नाही. साखळी अशी: आधी राज्य शासनाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या दिल्लीतल्या दूतावासाचा किंवा मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाचा, आणि तिथे पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा, ज्याला सगळे 'मोफा' म्हणतात. राज्याऐवजी दिल्लीच्या एसडीएमचा (उपविभागीय दंडाधिकाऱ्याचा) शिक्का घेण्याची आडवाट एजंट सुचवतात. शैक्षणिक कागदांना ती चालेल का, हे शाळेकडून आधी लेखी घ्या. पैसे भरून झाल्यावर विचारू नका.

हे शिक्के मूळ प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला बसतात. आपल्याकडे पदवी घरी आली की कौतुकाने लॅमिनेट करतात. तसं केलं असेल तर शिक्का बसत नाही आणि विद्यापीठाकडून दुसरी प्रत काढावी लागते. पासिंग सर्टिफिकेटवर भागत नाही, पदवीदान झालेलं प्रमाणपत्रच लागतं. या सगळ्याला दीड-दोन महिने हाताशी ठेवा, आणि दोघांचेही कागद एकदमच पाठवा. एकाचं आधी करून दुसऱ्याचं 'नंतर बघू' म्हटलं की नेमका दुसराच जोडीदाराच्या व्हिसावर अडकतो.

विद्यापीठाकडून अभ्यासाची पद्धत सांगणारं पत्र आणि अस्सलपणाचं पत्र मागून ठेवा: नियमित की दूरशिक्षण, कुठल्या महाविद्यालयात, कोणत्या वर्षी. २०१८ मध्ये अमिरातीतल्या अनेक भारतीय शिक्षकांच्या पदव्यांना समकक्षता मिळताना अडचण आली, कारण गुणपत्रिकेवरचा 'एक्स्टर्नल' हा शब्द बहिःस्थ विद्यार्थी असा वाचला गेला. प्रत्यक्षात तो लेखी परीक्षेच्या गुणांचा रकाना होता. पत्रात 'नियमित, पूर्णवेळ' असं स्पष्ट असेल तर हा घोळ होत नाही. बीएड पत्राद्वारे केलं असेल तर ते लपवू नका. शाळेला आधीच सांगा, कारण खातरजमा थेट विद्यापीठाकडे होते.

आता नावांचं. मराठी बायकांच्या कागदांत ही अडचण हमखास असते. पदवीवर माहेरचं आडनाव आणि वडिलांचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नुसतं पहिलं नाव, आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी. तिथल्या कारकुनाला ही चार वेगळी माणसं दिसतात. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलण्याची कायद्याने सक्ती नाही. नोकरीसाठी परदेशी जायचा विचार असेल तर पदवीवर असलेलं नावच पासपोर्टवर ठेवावं आणि पतीच्या नावाची फक्त नोंद करावी, हा सगळ्यात कमी त्रासाचा मार्ग. पासपोर्ट आधीच बदलला असेल तर लग्नाआधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही नावं असलेला विवाह नोंदणी दाखला, शासकीय राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र एकत्र बांधून ठेवा. विवाह दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजीतलाही काढून घ्या.

पासपोर्टवर आडनावाचा रकाना मोकळा असेल आणि सगळं नाव एकाच रकान्यात असेल तर तो आधी दुरुस्त करा. नोव्हेंबर २०२२ पासून एकशब्दी नावाच्या पासपोर्टवर अमिराती प्रवेशाला आडकाठी करते. तिकीट, व्हिसा, एमिरेट्स आयडी (तिथलं ओळखपत्र) आणि बँक खातं यांत स्पेलिंग अक्षराला अक्षर जुळलं पाहिजे.

पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट सेवेतून दोघांचंही काढा, पण फार आधी नको. ते जुनं झालं की शाळा नवीन मागते. सध्याच्या पत्त्यावर पोलिस पडताळणी होते, म्हणून भाड्याचं घर बदलायच्या बेतात असाल तर आधी हे उरकून घ्या.

आणखी एक गोष्ट, जी एजंट सांगत नाहीत. निघण्याआधी दोघांनीही छातीचा एक्स-रे काढून डॉक्टरांना दाखवा. रहिवासाच्या वैद्यकीय तपासणीत तिथे छातीचा एक्स-रे आणि रक्ताची एचआयव्ही चाचणी होते. लहानपणी होऊन गेलेल्या क्षयाचा जुना व्रणसुद्धा नव्या अर्जदाराला नापास करू शकतो. घरदार आवरून, नोकरी सोडून तिथे गेल्यावर हे कळण्यापेक्षा पुण्यात किंवा लातुरात काही शे रुपयांत कळलेलं बरं.

मुलांसाठी: भारतीय शाळांत वयाची कटऑफ तारीख ३१ मार्च असते. पहिलीला सहा वर्षं त्या तारखेला पूर्ण हवीत. वरच्या वर्गात जाणाऱ्या मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊन तोही पुढे साक्षांकित करावा लागतो. मार्चअखेर निकालाच्या गर्दीत ही सही मिळायला वेळ लागतो, म्हणून मुख्याध्यापकांना फेब्रुवारीतच सांगून ठेवा. तिथे पहिलीपासून अरबी विषय असतो. चौथी-पाचवीत दाखल होणाऱ्या मुलाला ती लिपी नव्यानेच शिकावी लागते. सुट्टीत महिनाभर अक्षरओळख करून दिली तर पहिलं सत्र सोपं जातं.

सामान

खसखस नेऊ नका. अनारशाला लावायला म्हणून ठेवलेली लहानशी पुडीसुद्धा नको. अमिरातीत ती बंदी असलेल्या पदार्थांत मोडते, आणि विमानतळावर 'मसाला आहे' हे उत्तर चालत नाही. घरच्या गरम मसाल्यात, काळ्या मसाल्यात खसखस पडली असेल तर तेही नको. सासूबाईंना आधीच सांगून बिनखसखशीचा मसाला करून घ्या. विड्याची पानं आणि पानाचं सामानही नको. मेतकूट, भाजणी, कोकम, बिनखसखशीचा गोडा मसाला खुशाल न्या, बंद पाकिटात आणि वर नाव लिहून. ज्वारी-बाजरीचं पीठ तिथल्या भारतीय दुकानांत मिळतं.

औषधांचं मात्र गंभीरपणे घ्या. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल, झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या तिथे नियंत्रित यादीत आहेत. लागत असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि तिथल्या सरकारची ऑनलाइन पूर्वपरवानगी घ्या, आणि ३० दिवसांपुरतंच न्या.

वीज २२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणजे आपला मिक्सर तिथे चालतो. फक्त सॉकेट ब्रिटिश पद्धतीचं, तीन चपट्या पिनांचं असतं.

पहिले आठवडे आणि घर

क्रम असा असतो: प्रवेश परवान्यावर पोचणं, वैद्यकीय तपासणी, एमिरेट्स आयडीसाठी बोटांचे ठसे, मग रहिवास, मग बँक, मग चेकबुक. मुलांचे अर्ज आई किंवा वडिलांचा रहिवास लागल्यावरच पुढे सरकतात. बरीच जोडपी म्हणून मुलांना महिना-दोन महिने आजी-आजोबांकडे ठेवून आधी दोघंच जातात, आणि ते शहाणपणाचं आहे. अर्ज भरायला जागोजागी टायपिंग सेंटर असतात. तिथे टाइप झालेला अर्ज सही करण्याआधी स्वतः नीट वाचा. नावातली एक चूक पुढे प्रत्येक कागदावर जाते.

शाळा घर देत नसेल तर भाड्याचं गणित आधी करा. दुबईत वर्षाचं भाडं ठरतं आणि ते पुढच्या तारखांच्या चेकने देतात: एक, दोन, चार, कधी सहा किंवा बारा. चेक जितके कमी, तितकं भाडं खाली उतरतं. समजा ४८,००० दिरहमचा फ्लॅट चार चेकवर मिळाला. पहिला चेक १२,०००. अनामत पाच टक्के, म्हणजे २,४०० (फर्निचरसह असेल तर साधारण दहा टक्के). दलाली पाच टक्के २,४०० आणि तिच्यावर व्हॅट १२०. वीज-पाण्याची, म्हणजे 'देवा'ची अनामत फ्लॅटसाठी २,००० (व्हिलासाठी ४,०००). शिवाय 'इजारी', म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंदणी, आणि जोडणीचे काही शे. म्हणजे पलंग-गादी येण्याआधीच हाताशी १९ हजारांच्या वर रोख हवी. पुढे भाड्याच्या पाच टक्के पालिकेचा कर देवाच्या बिलातून महिन्याला जातो. या उदाहरणात तो २०० दिरहम.

जाहिरातीत 'चिलर फ्री', म्हणजे वातानुकूलनाचा खर्च मालकाकडे, असं लिहिलंय का बघा. वातानुकूलनाचं बिल वेगळं असलेल्या इमारतीत जून ते सप्टेंबर ते भाड्याइतकं टोचतं. घर बघताना सकाळी न जाता दुपारी जा, पश्चिमेची भिंत किती तापते ते कळेल. नातूरला, म्हणजे वॉचमनला, पाणी आणि लिफ्टबद्दल विचारा. दलाल जितकं सांगत नाही तितकं तो सांगतो. आणि स्वयंपाकघराला खिडकी किंवा चालू एक्झॉस्ट आहे का बघा, नाहीतर पहिल्याच मिरचीच्या फोडणीला धुराचा अलार्म वाजतो.

भाडं एका पगारात बसेल असंच घर घ्या. दोन पगार आहेत म्हणून मोठं घर घेतलं आणि त्यातला एक थांबला, तर पुढच्या तारखांचे चेक मात्र बँकेत जातच राहतात. चेक परत गेला तर घरमालक थेट वसुलीच्या कारवाईला जाऊ शकतो. चेकवर महिन्याची एक तारीख न टाकता सहा-सात टाका. पगार दोन दिवस लांबला तरी चेक तरतो. करार एकाच्या नावावर असेल तर दुसऱ्याची आणि मुलांची सहरहिवासी म्हणून नोंद करा. दुबईत ते सक्तीचं आहे. ओळखीच्या शिक्षकाला एक खोली देऊन भाडं वाटून घेण्याचा मोह होतो. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय ते करू नका.

दुबईत भाडेवाढ सांगायची असेल तर मालकाने करार संपण्याआधी ९० दिवस कळवावं लागतं, आणि वाढ सरकारी भाडे-निर्देशांकाच्या मर्यादेतच हवी. स्वतःसाठी किंवा विकायला घर रिकामं करून हवं असेल तर नोटरीमार्फत बारा महिन्यांची नोटीस लागते. शारजात नियम वेगळे. तिथे करार महापालिकेकडून साक्षांकित होतो आणि वीज-पाणी 'सेवा'कडे असतं.

शारजा स्वस्त म्हणून तिथे घर घ्यायचं आणि दुबईत शिकवायचं, हा हिशोब वरवर बरोबर दिसतो. पण सकाळी शारजाहून दुबईकडे जाणारे अल इत्तिहाद रोड आणि शेख मोहम्मद बिन झायेद रोड तुंबतात. शाळा सव्वासातला भरते, म्हणजे साडेपाचला घर सोडावं लागतं. त्यात दुबईचा 'सालिक' टोल गर्दीच्या वेळी, सकाळी ६ ते १० आणि दुपारी ४ ते ८, दर फाटकाला ६ दिरहम आहे. शिवाय सुट्ट्या जुळत नाहीत: शारजाच्या शाळांना शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुट्टी असते, दुबईत शुक्रवारी दुपारच्या नमाजाआधीपर्यंत शाळा असते. एक जण शारजात आणि दुसरा दुबईत असेल तर घर मुलांच्या शाळेजवळ घ्या, आणि मुलांची शाळा दोघांपैकी एकाची असू द्या. लांबचा प्रवास मोठ्या माणसाने करावा, पाच वर्षांच्या मुलाने नाही.

गाडीचं: रहिवास लागला की भारतीय परवान्यावर तिथे चालवता येत नाही, आणि तो नुसता बदलूनही मिळत नाही. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये फाइल उघडून डोळ्यांची, लेखी, पार्किंगची आणि रस्त्यावरची परीक्षा द्यावी लागते. दोघांनी एकदम खर्च करू नका. ज्याची शाळा लांब त्याने आधी.

रोजचं चालणं

घर पहाटे पाचला जागं होतं. पोळ्या रात्रीच लाटून अर्धवट भाजून ठेवल्या तर सकाळी डबे निघतात. शाळेतून तीनच्या सुमारास दोघं परत येतात, पण सभा, पालकभेटी आणि वर्षाअखेरची तपासणी दोघांची एकाच दिवशी पडते. दोघांच्या शाळा वेगळ्या असतील तर दोघांचं वार्षिक कॅलेंडर एप्रिलमध्येच शेजारी ठेवून टक्कर होणारे दिवस लिहून काढा, आणि त्या दिवशी मुलाला कोण घेणार हे शेजारच्या कुटुंबाशी आधीच ठरवा. तासाभरासाठी परवाना नसलेल्या बाईला कामाला ठेवू नका. दंड किमान ५० हजार दिरहम आहे. आजी-आजोबा पर्यटक व्हिसावर येऊन राहू शकतात, पण त्यांचा विमा काढल्याशिवाय बोलावू नका.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीत आहे, २०२८ मध्ये जानेवारीच्या शेवटाला. म्हणजे बोर्डाच्या प्रात्यक्षिकांच्या आणि सराव परीक्षांच्या दिवसांत शाळेचे तास कमी होतील. दहावी-बारावी शिकवणाऱ्याने अभ्यासक्रम त्याआधी संपवायचं नियोजन करावं.

जुलै-ऑगस्टची तिकिटं जानेवारी-फेब्रुवारीत बघायला लागा. दोघंही शिक्षक असल्याने तारखा हलवता येत नाहीत. सगळं कुटुंब सगळ्यात महाग दिवशीच उडतं.

शिक्षकाने सांभाळायच्या गोष्टी

घरी शिकवणी घ्यायची तर परवाना लागतो. डिसेंबर २०२३ पासून कामगार आणि शिक्षण मंत्रालयांनी खासगी शिकवणीचा दोन वर्षांचा विनाशुल्क परवाना सुरू केला. शाळेची ना हरकत घ्या आणि आपल्याच वर्गातल्या मुलांना शिकवणी लावू नका. दोघं शिकवणार असाल तर दोघांचे परवाने वेगळे.

वर्गणी गोळा करू नका. गणपतीसाठी, आजारी सहकाऱ्यासाठी किंवा गावच्या मंदिरासाठी असो, व्हॉट्सअॅपवर बँक खात्याचा क्रमांक टाकून मदतीचं आवाहन करणं तिथे परवान्याशिवाय गुन्हा आहे. ते मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच करायचं असतं. घरातला गणपती आपल्या खर्चाने बसवावा, शाडूची लहान मूर्ती आणावी, विसर्जन घरीच बादलीत करावं.

व्हॉट्सअॅपवर पालकाला किंवा सहकाऱ्याला अपशब्द लिहिणं हा सायबर कायद्याखाली गुन्हा आहे, दंड अडीच लाखांपासून पाच लाख दिरहमपर्यंत. वर्गातल्या मुलांचे फोटो स्वतःच्या फोनवरून टाकू नका. रागाच्या भरात लिहिलेला संदेश पाठवण्याआधी जोडीदाराला वाचायला द्या.

पैसा, विमा आणि आजारपण

दोघांची बँक खाती वेगळी ठेवा. खातेदार गेल्याचं कळताच बँक खातं गोठवते, संयुक्त खातंही अडकू शकतं, आणि मागे राहिलेल्याला भाडं भरायला पैसा उरत नाही. दोघांच्याही खात्यात किमान तीन महिन्यांचा खर्च असू द्या. मृत्युपत्र नोंदवून ठेवा. त्यात लहान मुलांचा पालक कोण हे नक्की लिहा, कारण तिथे जवळचं रक्ताचं माणूस नसतं.

बेरोजगारी विमा दोघांना स्वतंत्र आणि सक्तीचा आहे. १६,००० दिरहमपर्यंत बेसिक असणाऱ्याला महिन्याला ५ दिरहम. न काढल्यास दंड ४०० दिरहम. वर्षभर हप्ते भरल्यावर, स्वतः राजीनामा न देता नोकरी गेली तर बेसिकच्या ६० टक्के रक्कम तीन महिन्यांपर्यंत मिळते.

बाळंतपणाची रजा ६० दिवस: ४५ पूर्ण पगारी, १५ अर्ध्या पगारी. वडिलांनाही पाच दिवसांची पालकरजा मिळते, ती मागून घ्या. तिथे जन्मलेल्या बाळाचा पासपोर्ट आणि रहिवास १२० दिवसांच्या आत झाला पाहिजे, म्हणून जन्मदाखला निघताच भारतीय वाणिज्य दूतावासाची वेळ घ्या.

भारतातली बचत खाती एनआरओ (अनिवासींचं भारतातल्या पैशांसाठीचं खातं) करून घ्या आणि पगार पाठवायला एनआरई (परदेशी कमाईसाठीचं खातं) उघडा. साधं खातं तसंच चालू ठेवणं नियमात बसत नाही. जुनं पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, नवं उघडता येत नाही. आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिलात तर अनिवासी ठरता. नोकरीसाठी एप्रिलच्या सुरुवातीला निघणाऱ्याला त्याच वर्षी हा दर्जा मिळतो. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर मात्र नियम कडक आहेत, सीए गाठा.

निघताना

शाळा सोडायची तर वर्षाच्या शेवटी सोडा. मुलांचं वर्ष मोडत नाही आणि पुढच्या शाळेकडे चांगलं पत्र जातं. नोटीस करारात असते, कायद्याने ३० ते ९० दिवसांच्या आत. सगळा हिशोब शेवटच्या दिवसानंतर १४ दिवसांत मिळायला हवा. न मिळाल्यास कामगार मंत्रालयाकडे तक्रार करता येते.

एकच जण सोडत असेल तर मुलांचा रहिवास आधी दुसऱ्याच्या नावावर करून घ्या, कारण मुलं नावावर असेपर्यंत पालकाचा व्हिसा रद्द होत नाही. दोघंही निघत असाल तर क्रम असा ठेवा. आधी मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला, मग घराचा करार आणि इजारी रद्द, देवाचं शेवटचं बिल आणि अनामतीचा परतावा, इंटरनेट बंद, क्रेडिट कार्ड बंद करून बँकेकडून देणं नसल्याचं पत्र. त्यानंतर मुलांचे व्हिसा, मग आपले. रद्द झाल्याच्या कागदावर देश सोडण्याची मुदत छापलेली असते, ती दोघांचीही वाचा, कारण ती सारखी असेलच असं नाही. अनुभवाचं प्रमाणपत्र दोघांनीही 'मोफा'कडून तिथेच साक्षांकित करून घ्या. भारतात आल्यावर हे काम महाग आणि लांबट होतं. बँक खातं ग्रॅच्युइटी आणि अनामती जमा झाल्यावरच, सगळ्यात शेवटी बंद करा.